फ्रेयाचा चेहरा

नॉर्स पुराणातली देवी फ्रेया रंगवताना चित्रकाराने समोर बायकोलाच बसवलं होतं. "देवीला आधी चहा तरी करून दे," ती म्हणाली होती. पुढे एका गेम कंपनीने ते चित्र हक्कांसकट विकत घेतलं आणि ते जगभर फिरलं.

ती गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो सापडेना; कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. लेकीने नेटवरून तेच चित्र शोधलं आणि खाली आईचं नाव घालून निधनाची बातमी टाकली. तासाभरात चित्र हटवलं गेलं. कारण, कॉपीराइटचा भंग.

"बाबा, रीतसर विचारून तर बघा."

त्याने विचारलं. कंपनीचं उत्तर अगदी नम्र होतं.

"चित्र जरूर वापरा. मात्र खाली नाव फक्त फ्रेयाचंच हवं."