मागची सीट

दवाखान्याच्या दारात नर्सने गाडीचं मागचं दार उघडलं, आत वाकून मनगट धरलं, गळ्याशी बोटं लावली आणि मान हलवली. "काका, या वाटेतच गेल्यात."

"असं कसं?" घड्याळजी म्हणाले. "मी एक धक्का बसू दिला नाही."

खरंच नव्हता दिला. गतिरोधक आला की गाडी जवळजवळ थांबवायची, खड्डा दिसला की वळसा. तळहातावरच्या फोडासारखं जपत त्यांनी बायकोला आणलं होतं. डोक्याखाली दिलेली उशीसुद्धा हलली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी राहिली. जावई जहाजावर, मुलीला आठवा महिना लागलेला.

"माझ्या वेळी मला कोण नेणार, बाबा?"

"अँब्युलन्स बोलवू."

"आईच्या वेळी आली होती?"

घड्याळजींनी खिशातली किल्ली मुठीत धरली. म्हणून मुलगी त्यांना एका रेसिंग सेंटरमध्ये घेऊन आली. रस्ता खोटा, गाडी खोटी. आधी इथे हात मोकळा होऊ दे, म्हणाली.

अंधाऱ्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या होत्या. प्रत्येकीपुढे स्टिअरिंग, पायाशी पेडल, समोर तीन पडदे. सेंटर चालवणाऱ्या बाईने त्यांना बसवलं, पट्टा आवळला. "डावीकडे ब्रेक, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर. बाकी काही नाही."

पडद्यावरचे लाल दिवे विझले. बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. घड्याळजी हळूच निघाले. पहिल्याच वळणाआधी त्यांनी विचारलं, "याला इंडिकेटर कुठंय?"

शेजारच्या खुर्चीतला पोरगा फिस्सकन हसला. "काका, पार्किंग शोधताय का?"

"तू तुझं बघ रे," मुलगी म्हणाली. ती त्यांच्या खुर्चीच्या मागेच उभी होती. पण थोड्या वेळाने तिलाही राहवेना. "बाबा, मुंगी ओव्हरटेक करेल आता. दाबा ना जरा!"

"दाबा बिनधास्त," बाई म्हणाली. "इथे कुणाला काही होत नाही."

घड्याळजींनी दात आवळून पेडल दाबलं. सगळं अंगावर धावून आलं. वळणावर चाक रस्त्याकडेच्या उंचवट्यावर चढलं आणि खुर्ची दाणकन हादरली.

त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि मागे गेला. डोकं सावरायला जावा तसा, पंजा उघडा ठेवून.

पडद्यावर गाडी भिंतीवर आदळली. हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली. मागे गेलेला हात मुलीच्या पोटाला लागला होता. तिने तो तिथेच धरून ठेवला.

"पुन्हा लावू का, काका? वेळ आहे अजून," बाईने विचारलं.

"नको."

"एकदाच, बाबा."

"दोन्ही हात पुढे राहत नाहीत गं," ते म्हणाले. "मी काय करू?"

मुलीने पट्टा सोडला. रिक्षाने दोघं घरी आले. बिल्डिंगखाली घड्याळजी गाडीपाशी थांबले, कव्हरचं टोक उचलून त्यांनी काचेतून आत पाहिलं. मुलगी शेजारी हात पुढे करून उभी राहिली. तिच्या हातात त्यांनी किल्ली दिली नाही. टोक खाली सोडलं, नीट खोचलं आणि ते जिन्याकडे वळले.

मागच्या सीटवरची उशी काढायची अजून राहिली होती.