न गळणारी होडी

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या थंड खाडीत दर मे महिन्यात, हिवाळाभर किनाऱ्यावर सुकलेली लाकडी होडी पाण्यात उतरली की पहिले तीन दिवस चाळणीसारखी गळायची, आणि लिंडन पंपाला जुंपलेला असायचा. "फळ्या पाणी पितील, फुगतील, फटी आपोआप मिटतील," म्हातारा एल्वुड दरवर्षी तेच ऐकवायचा.

यंदा लिंडनचं डोकं फिरलं. "बाबा, अख्खा धक्का शेवंडांचे पिंजरे टाकायला निघून जातो आणि आपण बसतो पाणी उपसत! बस झालं आता!"

"पिऊ दे रे तिला पाणी."

"होडी आहे बाबा, गाय नव्हे!"

फटींमधला जुना कापूस त्याने खरवडून काढला आणि फटीन् फट इपॉक्सीने, वाळून दगडासारख्या कडक होणाऱ्या लुकणाने, बुजवली. घासून घासून खांदे भरून आले. होडी उतरली तेव्हा आत थेंबभरही पाणी आलं नाही. लिंडनने त्याच दिवशी पंप शेजाऱ्याला देऊन टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी होडी धक्क्यापाशीच बुडालेली होती.

ओहोटीला ती चिखलात उघडी पडली, तसा लिंडनने इपॉक्सीचा रिकामा डबा लाथेने उडवला. "फसवलं मेल्यांनी! पाच डबे ओतले, तरी सुटलंच ना?"

एल्वुड वाकून आत शिरला. प्रत्येक फटीवरून त्याने सावकाश हात फिरवला.



"कुठ्ठंच सुटलेलं नाही रे. फुगलेल्या फळ्यांना तुझ्या इपॉक्सीने तसूभरही सरकू दिलं नाही, म्हणून फळ्यांना धरणाऱ्या तिच्या फासळ्या मोडल्यात आणि फळ्याच तडकून पाणी आत शिरलंय."