शेवटचा नमुना

बाळंतपणाची रजा संपवून ती प्रयोगशाळेत परतली, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. नदीतल्या माशांचे नमुने तपासायला आले होते आणि एकूण एक माशात शिसं निघत होतं, तेही सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट.

"अहो, मशीनच बिघडलं असणार," साहेबांनी हात झटकले. "शुद्ध पाणी घालून बघा, म्हणजे कळेल."

तिने शुद्ध पाणी घातलं. मशीनने शून्य दाखवलं. साहेब केबिनमध्ये निघून गेले.

ती मात्र मशीनपाशीच थांबली. दिवस राहिल्यापासून आईने तिला याच नदीचे मासे आग्रहाने खाऊ घातले होते, "खा गं, दूध चांगलं उतरतं." आडोशाला जाऊन तिने आपलंच थोडं दूध काढलं आणि ते तपासायला लावलं.

आकडा आला. माशांइतका मोठा नव्हता, पण शून्यही नव्हता.

तेवढ्यात घरून आईचा फोन आला.

"अगं, कधी निघतेस? बाळ वरच्या दुधाला तोंडसुद्धा लावत नाहीये. सकाळपासून तुझी वाट बघतंय."