हेल्मेटवरचा पिवळा दिवा

"मग आज पुलाचा स्लॅब टाकायचा ना?" मुख्य अभियंता कर्णिकबाईंनी विचारलं.

"हो मॅडम!" सगळे एका सुरात म्हणाले आणि समोरच्या नऊच्या नऊ हेल्मेटांवरचे दिवे पिवळे पेटले. पोटात शंका दडवली की दिवा लागायचाच.

बाईंचा पारा चढला. "तोंडं शिवलीत का तुमची?"

मुकादम हुसेनभाई चाचरत म्हणाले, "मॅडम, तुमचाही पेटलाय."

बाई वरमल्या. "खालचे टेकू मलाही कमी वाटतात. उद्घाटनाच्या तारखेपायी गप्प होते." त्यांचा दिवा विझला. मग एकेकाला कंठ फुटला आणि टेकू वाढवायचं ठरलं. हुसेनभाईंचा दिवा तेवढा जळत राहिला.

"आता काय राहिलं, हुसेनभाई?"

"आमचं कुणी ऐकेल का, ही जुनी शंका होती," ते म्हणाले, आणि दिवा विझला.