वरच्या उतारावर

संततधारेमुळे कित्येक दिवस एकही मधमाशी बाहेर पडली नव्हती. आतला मध संपत आल्यानं पेटी हाताला हलकी लागत होती. शेवंतानं नेहमीसारखं पेटीलाच विचारलं, "साखरेचा पाक देऊ, की सोयापिठाचा गोळा?"

पेटीवर बसवलेल्या, माश्यांचा नाच वाचून त्याचे शब्द करणाऱ्या पडद्यावर उत्तर उमटलं, "काही नको. वरच्या उतारावर फुलं आहेत."

"यंत्र बिघडलंय," तिचा नवरा धोंडिबा म्हणाला. "उपाशी मरतील. पाक घाल."

"अहो, आधी बघून तर येऊ."

वर धुक्यात, सात वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी कळ्यांनी लगडली होती. पहिलं जांभळं फूल नुकतंच उमलत होतं.

"माशी जगते जेमतेम दीड महिना," शेवंता हळूच म्हणाली. "आपल्या पेटीतल्या एकीनंही कारवी पाहिलेली नाही."

धोंडिबानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.