घरचा शब्द

फोन ठेवला तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

प्रकाशक आपला नेहमीसारखा थट्टेत बोलला होता. एक वयस्कर कोशकार दुकानात आले, बाईंच्या पुस्तकाचं बेचाळिसावं पान उघडून किती तरी वेळ बघत बसले आणि जाताना बाईंचा पत्ता घेऊन गेले. चारपर्यंत पोचतील. मग तो हसत म्हणाला, "कोश करणारी माणसं त्यात एक घरचा शब्द घालतात, ठाऊक आहे ना? भाषेत नसलेला, आपल्या मनाचा. कोणी पुस्तक उतरवलं की तोही उतरतो आणि चोर अलगद सापडतो. तुमचा कुठला हो, बाई?"

बाईंनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग घाईघाईने कपाटातून पुस्तक काढलं.

पुस्तक होतं इंग्रजीतल्या यमक जुळणाऱ्या शब्दांचं, प्रत्येकाच्या सगळ्या अर्थांसकट. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंना ते काही जड नव्हतं. पहिली तीस पानं त्यांनी खपून, स्वतः लिहिली. पुढे डोळे थकले, प्रकाशकाने तगादा लावला, आणि शाळेच्या जुन्या कपाटात हाती लागलं एक फाटकं पुस्तक. त्याला ना पुठ्ठा, ना लिहिणाऱ्याचं नाव. उरलेली सगळी पानं बाईंनी त्यातून जशीच्या तशी उतरवली. नावच नाही म्हटल्यावर विचारायला येतंय कोण!

आता आलं होतं ना कोणीतरी.

बेचाळिसाव्या पानावर रूमची यमकं होती. रूम म्हणजे खोली, आणि मोकळी जागासुद्धा. ब्रूम म्हणजे झाडू. ग्रूम म्हणजे नवरदेव, आणि घोड्याला खरारा करणाराही; यावर वर्गात हमखास हशा पिकायचा. ग्लूम म्हणजे अंधार आणि उदासी. आणि त्याखाली स्प्रूम, म्हणजे ओल्या लाकडाचा वास.

बाईंनी घरातले चारही कोश पालथे घातले. स्प्रूम कुठेच नव्हता. त्यांची पाचावर धारण बसली.

स्वतःची अब्रू गेली असती तर ते त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण लेक त्याच शाळेत मुख्याध्यापिका होती. "आईचं पुस्तक लावलं," अशी कुजबुज झाली तरी तिने स्वतःच्या सहीने ते सगळ्या वर्गांना लावलं होतं. आईने चोरी केली आणि लेकीने ती शाळेच्या गळ्यात मारली, असंच लोक म्हणणार. पोरीची खुर्ची जाणार, आणि तीही आपल्यापायी. नेमकी आज ती शाळेतून लवकर घरी आली होती आणि पाहुणे येणार म्हणून कप पुसत होती.

चारला बेल वाजली. कोशकार किडकिडीत होते, खांद्याला पिशवी, आणि नजर काही वर उचलत नव्हते. लेकीने चहा दिला, शाळेत पुस्तक कसं आवडतंय ते कौतुकाने सांगितलं. ते नुसते हं हं करत राहिले. मग टेबलावरचं पुस्तक ओढून त्यांनी बेचाळिसावं पान उघडलं आणि खालच्या शब्दावर बोट ठेवलं.

"हा शब्द कुठून आला ते मी विचारणार नाही, बाई. मला कळलंय."

लेक कौतुकाने म्हणाली, "शाळेतल्या मुलींचा तर फार आवडता आहे तो."

"मुलींपर्यंत पोचलाय का?" त्यांचा चेहरा आणखी उतरला. "मग आता लपवण्यात अर्थ नाही. मी सात दिवस झोपलेलो नाही. म्हटलं, चारचौघांत बोभाटा होण्याआधी समोरासमोर बसावं."

लेकीच्या समोर हा माणूस सगळं सांगणार, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं बाईंना वाटलं. निदान पोरीला कानोकान खबर नव्हती एवढं तरी पदरात पडेल.

"हिला यातलं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शब्द माझा नाही. तिसाव्या पानापुढचं एक अक्षरही माझं नाही. एका जुन्या पुस्तकातून मी सगळं उतरवलं. चोरी केली म्हणा हवं तर."

लेकीच्या हातातली बशी टेबलावर आपटली. ती आईकडे बघतच राहिली. बाईंना तिच्याकडे बघवेना. त्या कोशकारांकडे बघत राहिल्या, आता हे काय बोलतात म्हणून.

कोशकारांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पिशवीतून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं. वर त्यांचं नाव छापलेलं होतं. रूमची यमकं असलेलं पान उघडून त्यांनी ते बाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. दोन्ही पानं सारखी होती, स्प्रूमसकट.

"मी तर तुमची माफी मागायला आलो होतो," ते म्हणाले. "मी तुमच्या पुस्तकावरून उतरवलंय."