कपाटातला अंधार

नौबादच्या नव्या बंगल्यात संगमेश्वर अण्णांनी समुद्री माशांची टाकी मांडली होती. तिचं खारं पाणी खालच्या कपाटात गाळलं जायचं. तिथं उजेड शिरला की शेवाळ माजून पंप तुंबायचा. दोनदा मासे मेले होते.

"आता कपाटात उजेडाचा ठिपका दिसला तर तुझं काम संपलं समज," अण्णांनी टाकी सांभाळणाऱ्या मल्लेशला बजावलं.

मल्लेशनं फट न् फट काळ्या पट्टीनं बुजवली, वरून बापाचं घोंगडं ठोकलं. घटस्थापनेला अण्णा तपासायला आले. मल्लेशनं घोंगडं बाजूला सारून दार उघडलं.

आत उजेड होता.

मागून अण्णांची आई हरखून म्हणाली, "नंदादीप ठिवलाय म्या. हॉलमधी पंख्याचं वारं लागायलंय, हितं झुळूकबी शिरंना. आता नऊ दिवस त्याला कुणी हलवायचं न्हाई."